बाळंतिणीच्या घरी जाताना: नव्या आईला आणि तिच्या घराला मदत नेमकी कशी करायची

आपल्याकडे बाळंतिणीला सल्ला द्यायला अख्खी गल्ली येते. बाळाला टोपी घाल, गार पाणी पिऊ नकोस, दूध येत नाही का मग अळीव खा, आमच्या सुनेला तर अमुक केलं होतं. आणि ती बिचारी रात्रभर जागलेली, टाके दुखतायत, सगळ्यांना हो हो म्हणत बसलेली असते. बचत गटातल्या, महिला मंडळातल्या, नुकत्याच एमएसडब्ल्यू झालेल्या बऱ्याच जणी विचारतात की ताई आम्हाला नव्या आयांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच की त्या बाईला अजून एक सल्लागार नकोय, तिच्या भोवतीचं घर आणि भोवतीची यंत्रणा हलवणारं कुणीतरी हवंय. घर म्हणजे सासू, आई, नवरा, जाऊ. यंत्रणा म्हणजे आशाताई, अंगणवाडी, दवाखाना, बँक, ग्रामपंचायत आणि ती कामाला जात असेल तर तिची कामाची जागा.

बाळ व्हायच्या आधीच जा

सातवा महिना लागला की पहिली भेट घ्या आणि पहिला प्रश्न हाच विचारा, बाळंतपण कुठे होणार, माहेरी की सासरी? कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नेमकी तिथेच बाई दोन गावांच्या मधे हरवते. नाव नोंदलेलं सासरच्या अंगणवाडीत, माता-बाल संरक्षण कार्डही तिथलंच, आणि आठव्या महिन्यात ती माहेरी गेली की सासरच्या आशाताईला वाटतं ती आता तिकडच्या यादीत, माहेरच्या आशाताईला वाटतं ही आपली नव्हेच. दोघींचीही चूक नसते खरंतर, यादी ज्या गावाची त्या गावाची. पण त्यामुळे बाळाच्या सगळ्यात नाजूक दिवसांत घरी कुणीच येत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईने घरी सहा वेळा यायचं असतं, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ह्या घरभेटींमागे आपल्याच गडचिरोलीचं काम आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्या घरी जाऊन बाळाला तपासायच्या, वजन करायच्या, गरज पडली तर औषधही द्यायच्या, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 साली हे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे तोच धडा देशभरच्या आशांना दिला गेला. म्हणजे घरभेट ही नावापुरती गोष्ट नाही, तिच्याने बाळं वाचतात.

म्हणून तुमचं पहिलं काम अगदी साधं आहे. दोन्ही गावच्या आशाताईंचे फोन नंबर मिळवा, त्यांना एकमेकींशी बोलायला लावा, आणि कार्ड बाईच्या पिशवीत माहेरी गेलंय ना ते बघा. आशाताईला ह्या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर मिळतात 250 रुपये, तेव्हा तिला जाब विचारल्यासारखं बोलू नका, तिच्यासोबत एखाद्या भेटीला जा. ती गावातली सगळ्यात कामाची बाई असते आणि तिच्याशी तुमचं पटलं तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

त्याच भेटीत गाडीचं बोलून घ्या. 102 आणि 108 हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगा, मोबाईलमध्ये सेव्ह केलेले ऐनवेळी सापडत नाहीत, मोबाईलच नवऱ्याकडे असतो. गाडी पोचणार नाही अशा पाड्यावर असाल तर गावातली कुणाची जीप रात्री मिळेल हे त्या माणसाला आधीच विचारून ठेवा.

घरात पाऊल टाकल्यावर

बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या भेटीत एक गोष्ट हमखास दिसते. तुम्ही बाईला विचारता, कशी आहेस गं, जेवलीस का, आणि उत्तर देते सासू. "हो हो, जेवते की, दूध पण चांगलंय." सासू वाईट आहे असं नाही, तिच्या घरात पाहुणी आलीय म्हणून ती बोलते. तिला गप्प करू नका, आधी तिच्याशीच दहा मिनिटं बोला, काकू तुमची बाळंतपणं कुठे झाली, तुम्हाला कोण होतं करायला. हे तिला आयुष्यात कुणी विचारलेलं नसतं. बऱ्याचदा ती सांगते की मला आठव्या दिवशी शेतात जावं लागलं होतं, आणि तिथूनच मग "तुमच्या सुनेला तसं नको व्हायला" हे बोलणं सोपं जातं.

मग हात धुवा, बाळाला बघा, आणि बाईसोबत एकटं बसायला मिळेल असं काहीतरी करा. टाके बघते म्हणा, दूध पाजताना बसते म्हणा, तेवढ्यात सासूबाई चहा टाकायला उठतातच. एकटी असताना प्रश्न छोटे विचारा. रात्री किती वेळा उठतेस? काल दिवसभरात काय काय खाल्लंस, सकाळपासून सांग. लघवीला जळजळतंय का, संडासला जायची भीती वाटते का? "सगळं ठीक ना" असं विचारलं तर उत्तर "ठीक" असंच येणार.

आणि हो, बाळाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, तिच्या घरातली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय मीटिंगमध्ये सांगू नका. एकदा विश्वास गेला की दार बंद.

चालीरीतींशी भांडण नको

सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, ह्यात विरोध करण्यासारखं काही नाही, उलट हे सगळं तिला खरंच मिळतंय का ते बघा, कारण लाडू डब्यात आणि बाई उपाशी असंही असतं. विरोध मोजक्याच गोष्टींना करा पण तो ठाम करा. पहिला घट्ट पिवळसर चीक फेकायचा नाही, बाळाला तासाभरात छातीशी लावायचं. मध, गूळपाणी, घुटी, वरचं पाणी सहा महिने काहीच नाही, उन्हाळ्यातही नाही, आईच्या दुधात पाणी असतंच. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही, तिला तहान जास्त लागते. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून धूर करायचा नाही, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

हे आजींना कसं सांगायचं? नाही म्हणताना दुसरं काम हातात द्या. घुटी उगाळायचं थांबवा म्हणायचं असेल तर बाळाला उबेत ठेवायचं काम आजींकडे द्या, उघड्या छातीवर बाळ घेऊन वरून शाल, कमी वजनाच्या बाळाला तर हे फारच मानवतं, आणि ते आई थकली की आजीलाही करता येतं, बाबालाही येतं. आजीचा मान राहतो आणि घुटी आपोआप मागे पडते. भाषणाने हे होत नाही.

दूध येत नाही ही तक्रार प्रत्येक घरात ऐकाल. लगेच पावडरच्या डब्याकडे जाऊ नका. बाळाने नुसतं बोंड धरलंय की भोवतालचा काळा भागही तोंडात घेतलाय ते बघा, बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय का आणि वजन वाढतंय का ते विचारा, हे असेल तर दूध पुरतंय. नसेल तर दवाखान्यात न्या. जिथे आईचं दूध मिळूच शकत नाही अशा आजारी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत दूधपेढ्या असतात, आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली होती. त्यांनीच पुढे स्नेहा ही संस्था काढली, धारावीसारख्या वस्त्यांमध्ये आई आणि बाळासाठी काम करायला, कारण हॉस्पिटलमध्ये वाचवलेलं बाळ घरी गेल्यावर परत आजारी पडून येतंय हे दिसत होतं.

नवऱ्याला काम द्या

नवरा बहुतेक वेळा दारात उभा असतो, काय करायचं कळत नाही म्हणून. त्याला "बायकोला सपोर्ट करा" असं सांगून काही होत नाही. त्याला नेमकं काम सांगा. रात्री दोनच्या वेळी बाळाला ढेकर काढून झोपवायचं तुझ्याकडे. पाण्याच्या कळशा तुझ्याकडे. लंगोट धुवायचे, जन्मदाखला आणायचा, लसीची तारीख लक्षात ठेवायची तुझ्याकडे. त्याच्या आईसमोर सांगा, म्हणजे नंतर "पोराला कामाला लावलं" असं होत नाही, हे बाहेरून आलेल्या ताईंनी सांगितलं असं होतं, आणि ते ओझं आपण खुशाल घ्यावं.

मन

हे सगळ्यात जास्त सुटतं. पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड, हे बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास आहे, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, मीच वाईट आई आहे असं सतत म्हणते, तर तो आजार आहे, आळस नाही, नखरे नाहीत आणि बाहेरची बाधा तर अजिबातच नाही. मुलगी झाली म्हणून घरात तोंडं पाडलेली असतील तिथे तर दर भेटीत हे बघाच. सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का गं, बाळाला काही करावंसं मनात येतं का? विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते.

टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या फोनवरून लावून द्या, शेजारी बसा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे पहिल्या वेळी तुम्ही स्वतः सोबत जा, कारण घरचे "वेड्यांच्या डॉक्टरकडे" म्हणून अडतात. आणि ती असंबद्ध बोलतेय, नसलेले आवाज ऐकू येतायत, रात्रंदिवस झोप नाही, असं अचानक झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तोवर बाळासोबत तिला एकटं ठेवायचं नाही.

ताबडतोब दवाखाना कधी

घरातल्या प्रत्येकाला पाठ झालं पाहिजे. आईला: तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, डोकं फुटल्यासारखं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकाच पायाला सूज आणि दुखणं, दम लागणं. बाळाला: दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, नाळेतून पू. यातलं काहीही एक दिसलं तरी निघायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

कागद

इथे तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, तयारी ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत, जिथे बाळ जन्मलं त्या गावच्या किंवा शहराच्या कार्यालयात, सासरच्या नाही. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, बारशासाठी थांबू नका. आता शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्मदाखला लागतो.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये, दोन हप्त्यांत, 3000 आणि 2000, आणि दुसरी मुलगी झाली तर 6000 एकदम. पैसे अडकतात ते एकाच ठिकाणी. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि खातं आधारला जोडलेलंच नाही. एका घरी मी बाईच्या पिशवीतले कागद सतरंजीवर मांडले तर आधारवर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं, पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, आणि खातं लग्नाआधीच्या गावातल्या शाखेत, बाळ कुशीत घेऊन ती तिथे जाणार कधी? म्हणून हे काम सातव्या महिन्यातच करायचं. नाव बदलायची घाई करू नका, आहे त्या आधारवरच्या नावानेच गावातल्या पोस्टात खातं उघडा आणि ते आधारला जोडून घ्या, काम होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, 2011 पासून. नॉर्मल असेल तर तीन दिवस आणि सिझर असेल तर सात दिवस जेवण मिळायला हवं. बाहेरून औषध आणायला लावलं तर पावती जपून ठेवा, पुढे कामाला येते. नवरा किंवा ती स्वतः बांधकामावर असेल आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद असेल तर नॉर्मल बाळंतपणाला 15,000 आणि सिझरला 20,000 मिळतात, दोन मुलांपर्यंत, पण नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदाराकडून काढणं हीच लढाई असते. आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेतलं गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठीचं गरम जेवण अंगणवाडीत खरंच शिजतंय का ते जेवणाच्या वेळेला जाऊन बघा.

नोकरी करणारी असेल तर

2017 पासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, गेल्या वर्षभरात 80 दिवस काम केलेलं असलं पाहिजे. कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून हक्क जात नाही. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी, आणि 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर. बायका भीतीने तोंडी रजा मागतात आणि मग "तू स्वतःच सोडून गेलीस" असं ऐकतात. अर्ज लेखीच द्या, ईमेल किंवा पोचपावती घेऊन, आणि एक प्रत घरी. घरकाम करणाऱ्या, शेतमजूर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना ह्यातलं काही नाही आणि हे मला फार लागतं, कारण सगळ्यात लवकर कामाला परत जावं लागतं ते त्यांनाच.

घरात मार असेल तर

बाळंतपणात मारहाण थांबते असं समजू नका. तिला विचारा, पण फक्त एकटी असताना. ती लगेच घर सोडणार नाही, दबाव टाकू नका. महिलांसाठीचा 181 नंबर तिच्या लक्षात राहील असा सांगा, कागदावर लिहून देऊ नका, कागद सापडतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, बाईला राहत्या घरात राहायचा हक्क मिळवून देता येतो. आणि बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष असतो, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेलं हे काम, तिथे बसतात त्या समाजकार्यकर्त्या, पोलीस नाहीत. पोलिसांत जायची भीती असलेल्या बाईला हा फरक नीट समजावून सांगा.

एका घराचं काम झालं, आता सगळ्यांसाठी

तीन-चार घरांत तीच अडचण दिसली की ती आता घरची राहिली नाही, सगळ्यांच्या वतीने यंत्रणेकडे मागणी लावून धरायचं काम तिथूनच सुरू होतं. वहीत लिहून ठेवा: तारीख, काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, किती पैसे गेले. नावं लिहू नका, नंबर टाका. मग आधी उपकेंद्राच्या नर्सबाईंशी आणि डॉक्टरांशी बोला, बहुतेक गोष्टी तिथेच सुटतात, त्यांनाही औषधं वरून आलेली नसतात आणि लोकांचं पत्र असेल तर त्यांना वर मागायला बळ येतं. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे पैसे, असतो, तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा, बाळंतिणीच्या गाडीला किंवा वजनकाट्याला का नाही झाला हेही विचारा. तरी हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकारी, मग आपले सरकार पोर्टल, मग माहिती अधिकार, ज्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दाखला वेळेत देत नसतील तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील.

जनसुनवाई हा आपल्या राज्यात चालून आलेला रस्ता आहे, 2007 पासून पुण्याच्या साथी संस्थेच्या समन्वयाने लोकाधारित देखरेखीत, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा नीट मिळते का हे लोकांनीच तपासायच्या कामात, गावोगावी झाल्यात, अधिकारी समोर बसतात आणि लोक वहीतलं वाचून दाखवतात. तिथे बाळंतिणीला स्वतःला उभं करायचं असेल तर तिला आधी नीट विचारा, आणि ती बोलणार असेल तर तिच्या शेजारी तिची सासू बसवा. सुनेच्या हक्काचं सासू बोलायला लागली की समोरच्या साहेबांना टाळता येत नाही, हे मी बघितलंय.

बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाताईच्या भेटी विरळ होतात आणि सव्वा महिना झाला की घरचेही तिला चुलीपुढे बसवतात, म्हणून तुमची पुढची भेट दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ठेवा. त्यात लसी वेळेवर झाल्या का, दोन बाळांत अंतर ठेवायला तिला काय हवंय (हे तिला विचारायचं, घरच्यांना नाही), मातृवंदनेच्या दुसऱ्या हप्त्याचे कागद तयार आहेत का आणि सहा महिन्यांनी बाळ कुणाकडे ठेवून ती कामाला जाणार, एवढं बघा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याच गल्लीतल्या अजून कोणाकोणाला हीच अडचण आहे त्यांची यादी तिच्यासोबतच करायला घ्या.